सहावा ठिपका

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या त्या वेबसाइटवर लोक जे बरंवाईट लिहितात, ते चाळून छापायचं तिचं काम. सात वर्षं तेच! अमक्या क्रीमने चेहरा उजळला, तमक्याने पुरळ आलं. वाचून वाचून डोकं नुसतं भणभणायचं.

स्वतः ती चांगली काळीसावळी. गोऱ्या बायकांची कौतुकं वाचून आपल्यासारखीने काय घ्यायचं, कपाळ? दोन वर्षं हात धुऊन साहेबांच्या मागे लागली, तेव्हा कुठे फॉर्ममध्ये सहा रंगांचे ठिपके आले. आपल्या कातडीचा ठिपका निवडायचा, नेहमीसारखा फोटो जोडायचा, की आपल्यासारख्यांना आपलं मत आधी दिसणार. सहावा, सगळ्यात गडद ठिपका तिने स्वतःच्या मनगटाशी ताडून ठरवला होता.

तीन महिने झाले. सहाव्या ठिपक्याखाली एक ओळ नाही.

"तुझ्या लोकांनाच नकोय गं ते," साहेब म्हणाले. "शुक्रवारी काढून टाकू."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. "अगं, तू तरी चार ओळी खरड की!"

"तीनदा खरडल्या. त्या नव्या क्रीमने गाल भाजला माझा, डाग गेला नाही अजून. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून बोलले नाही. तीनदा तुम्हीच परत पाठवलंत. म्हणे, फोटो अंधारात काढलाय. ताई, भर दुपारी गच्चीत उभी होते गं मी!"

तिला आठवलं. पहिल्याच वर्षी तिने संगणकाला एक नियम घालून दिला होता: चेहरा काळपट दिसला, तर फोटो अंधारातला समजून परत. शाबासकी मिळाली होती त्याची. आपल्याच हाताने आपल्याच माणसांच्या तोंडावर दार लावलं, आणि तीन महिने त्याच दाराशी बसून वाट बघितली. कसलं हे कर्म!

नाकारलेले चारशे बारा चेहरे घेऊन ती धावत साहेबांकडे गेली. त्यांनी दहा-बारा जणींनी लिहिलेलं वाचलं.

"सगळ्यांचं भाजलंच आहे? मग ठिपका आजच काढू, शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं?"

इकडे तिने नियम खोडला, तिकडे ठिपका गेला. संध्याकाळी धाकटीचा फोन.

"ताई, परत लिहायला बसलेय. पण इथे पाचच ठिपके आहेत. मी कुठला दाबू?"

ती आपल्या मनगटाकडे बघत राहिली.

"राहू दे," ती म्हणाली.