ढग सासवडला गेला

तेजस्विनी कामठे पहिल्यांदा माझ्या घरी आली तेव्हा बरोबर तिचे वडील होते आणि वडिलांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. मी म्हटलं, "नोकरी अजून लागायची आहे ना?"

"व्हय साहेब," हिंदुराव म्हणाले. "हे नुसतं लायसन्सचं हायेत."

मी शनिवार पेठेत राहतो. उभा जन्म विमानं चालवण्यात गेला. निवृत्तीनंतर नवीन लायसन्स मिळालेल्या मुलामुलींची एअरलाइनच्या निवडीसाठी तयारी करून घेतो. घरात माझं कुणी ऐकत नाही म्हणून मी हा वर्ग काढला असं बायकोचं मत आहे. असेलही.

लायसन्स मिळालं की दुसऱ्या दिवशी विमान मिळतं असा आपल्याकडे समज आहे. हडपसरला, तिच्या गल्लीत, तर तेजस्विनीच्या लायसन्सचा फ्लेक्स लागला होता. त्यावर तिचा फोटो, शुभेच्छुकांचे तिच्याहून मोठे फोटो आणि मागे एक लढाऊ विमान. ते तिनं कधी मैलभर अंतरावरूनही पाहिलं नव्हतं. ती शिकली होती दोन माणसांच्या, पंखा लावलेल्या छोट्या विमानावर, विदर्भातल्या एका फ्लाइंग क्लबात. त्यानंतर खरी रांग सुरू होते. कंपन्या भरती काढतात तेव्हा काढतात, नाही काढत तेव्हा वर्ष-वर्ष नाही काढत. काढली की जागा मूठभर आणि उमेदवार पोतंभर. मग लेखी परीक्षा, कॉम्प्युटरवरच्या चाचण्या, गटचर्चा, मुलाखत. एकीत घसरलात की पुन्हा घरी.

तेजस्विनी घरी होती. गल्लीतली माणसं विचारायची, "काय कॅप्टन, विमान कुठं लावलंय?" हिंदुराव त्यांना गंभीरपणे सांगायचे, "सर्व्हिसिंगला दिलंय."

पहिल्या कंपनीत ती कॉम्प्युटरच्या चाचणीत गळाली. एका हातानं ठिपका वर्तुळात धरायचा आणि त्याच वेळी कानावर पडणाऱ्या आकड्यांची बेरीज करायची. तिची बेरीज बरोबर आली, ठिपका मात्र पडद्याबाहेर निघून गेला. ते सरावानं जमतं. दुसऱ्या कंपनीत ती चाचणीत पास झाली आणि गटचर्चेत पडली. ते प्रकरण जरा वेगळं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"सर, बोट बुडतेय, दहा वस्तू आहेत, त्यातल्या तीनच वाचवायच्या. सहा जणांनी मिळून ठरवायचं. मी म्हटलं पाणी, आरसा, दोरी. डन. पुढचा प्रश्न द्या."

"आणि बाकीचे पाच?"

"ते डिस्कस करत बसले. वीस मिनिटं. शेवटी पाणी, आरसा, दोरीच आलं."

"म्हणजे आपलं उत्तर बरोबर होतं."

"एकदम बरोबर, सर."

"मग आपण घरी कशा?"

मी म्हटलं, "त्यांना पायलट हवा होता. सरपंच नको होता. कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या असतात. दुसरी पर्स ठेवायला नसते."

हे तिला लागलं असावं, कारण त्या दिवशी तिनं चहा अर्धा ठेवला.

पण स्वभाव असा एका वाक्यानं जात नाही, आणि तिच्या स्वभावाला खतपाणी घालणारा धंदा घरातच होता. हडपसरच्या पुढे, सासवड रस्त्याला, कामठ्यांचं मंगल कार्यालय आहे. शेतात उसाऐवजी हिरवळ लावून हिंदुरावांनी ते काढलं आणि नाव दिलं 'तेजस्विनी लॉन्स'. तेव्हा ही तिसरीत होती. आता भरतीची वाट बघता बघता ती लॉन सांभाळू लागली. केटरर, मांडववाले, बँडवाले, वीज गेली की जनरेटर, सगळं तिच्याकडे. हातात वॉकीटॉकी घेऊन ती हिरवळीवर फिरायची आणि मोठमोठे मिशीवाले आचारी तिला बघून भातावरचं झाकण नीट लावायचे. तिथं चर्चा करायची सोयच नव्हती. ती म्हणेल ते व्हायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या भाच्याचं, ऋषीचं, लग्न ठरलं. माझी बहीण श्यामला मोकळी जागा शोधत होती. मी कामठ्यांचं नाव सुचवलं. पुढे जे झालं त्यात माझा सहभाग एवढाच, असं मी आजही मानतो.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. श्यामलानं हिरवळीवर उघड्या आकाशाखाली स्टेज घेतलं होतं. पांढरी फुलं, पांढऱ्या खुर्च्या, मावळतीचा उजेड. फोटोग्राफरनं तिला महिनाभर हेच स्वप्न दाखवलं होतं. मी फेटा सावरत गेटजवळ उभा होतो. तेवढ्यात माझ्या शेजारून सहा खुर्च्या गेल्या. त्यामागून आणखी सहा. त्यामागून चौरंग.

हिरवळीच्या मध्यभागी तेजस्विनी दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. वॉकीटॉकीवर ती म्हणत होती, "सगळं हॉलमध्ये. फुलं राहू द्या, आधी साऊंड उचला. वायरी अगोदर काढा."

वरपक्षाच्या खोलीतून श्यामला पैठणी सावरत बाहेर आली. समोरून चाललेल्या खुर्च्या तिनं क्षणभर पाहिल्या.

"हे कोणाच्या सांगण्यावरून चाललंय?"

"माझ्या," तेजस्विनी म्हणाली. "मॅडम, वादळ येतंय. लग्न आत लावू."

"मला ऊन दिसतंय."

"तिकडं बघा. दिवे घाटावर."

श्यामलानं तिकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. "अनिरुद्ध, तू आयुष्यभर विमानं चालवलीस ना? सांग तिला."

मी घाटाकडे पाहिलं. ढग चांगला माजलेला होता. खाली काळानिळा, वर फुगत गेलेला आणि माथ्यावर ऐरणीसारखा सपाट पसरलेला. असले ढग मी पुष्कळ पाहिले आहेत, पण लांबूनच.

"ढग वाईट आहे," मी म्हणालो. "मी असतो तर तिकडं गेलो नसतो."

"आपण तिकडं जात नाही आहोत. आपण इथं लग्न लावतोय."

"तो इकडं येऊ शकतो."

"शकतो की येतो?"

या प्रश्नाचं उत्तर वेधशाळाही देत नाही. मी फेट्याला हात लावला. तोवर हिंदुराव हात जोडून धावत आले. "ताई, पोरीनं इचारायला पायजे व्हतं, मान्य हाय. पर आता साऊंड आत गेलाय."

तेव्हा लग्न आत लागलं. हॉल मोठा, पण पाहुणे त्याहून जास्त. पंखे गरम हवा या टोकाकडून त्या टोकाला नेत होते. मंगलाष्टकं चालू असताना बाहेर वारा सुटला, कमानीचं कापड फडफडलं, पत्र्यावर चार थेंब टपटपले. मी आशेनं वर पाहिलं. खरं सांगतो, स्वतःच्या भाच्याच्या लग्नात पाऊस पडावा अशी इच्छा करणारा मी एकमेव मामा असेन. चारावर पाचवा थेंब काही पडला नाही. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि दारं उघडून आम्ही बाहेर आलो तर आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, हिरवळीवर सोनेरी ऊन आणि रिकाम्या स्टेजवर पांढरी फुलं. फोटोग्राफर तिथं एकटाच उभा होता.

श्यामला माझ्याजवळ आली. "किती सुंदर दिसतंय नाही बाहेर," एवढंच म्हणाली आणि गणपतीपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

जेवणं आटोपल्यावर मला तेजस्विनी भांड्यांच्या खोलीपाशी दिसली. पातेल्यांच्या ढिगाला टेकून ती फोन बघत होती.

"सर, सासवडला पडला," ती म्हणाली. "लॉनवाल्यांच्या ग्रुपवर आलंय. गारांसकट. तिथल्या एका लग्नाचा मांडव शेजारच्या शेतात गेला."

"अच्छा."

"म्हणजे मी बरोबर होते की चूक?"

"मला आज जेवण मिळालं हेच पुष्कळ आहे," मी म्हटलं. "ते तुझं तू ठरव."

तिनं ते कसं ठरवलं हे मला नंतर कळलं, आणि तेही श्यामलाच्या सुनेकडून. पुढच्या आठवड्यात तेजस्विनी एकटीच श्यामलाच्या घरी गेली. लग्न आत हलवल्याबद्दल माफी मागायला नाही. ते तिनं पहिल्याच वाक्यात स्पष्ट केलं. न विचारता हलवलं म्हणून. श्यामला तिला म्हणाली, "अगं, मला आधी येऊन तो ढग दाखवला असतास तर मीच ओरडून खुर्च्या उचलायला लावल्या असत्या. पोराचं लग्न भिजवायला मला हौस आहे का?" मग दोघींनी पोहे खाल्ले. सुनेच्या म्हणण्याप्रमाणे श्यामलाचा शेरा असा होता: "मुलगी चांगली आहे. ऋषीच्या मामाच्या वळणावर गेली नाही तर बरं."

पाऊसकाळ सरता सरता तिसऱ्या कंपनीची भरती निघाली. लेखी झाली, ठिपका वर्तुळात राहिला. निवडीच्या शेवटी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे खोट्या कॉकपिटमध्ये, बसवून हात बघणार होते. त्याच्या सरावासाठी तिनं कॉकपिटचं भलंमोठं पोस्टर कार्यालयाच्या सामानाच्या खोलीत भिंतीला चिकटवलं आणि समोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. दुसऱ्या खुर्चीत कोण बसणार हा प्रश्न होता. तिची आई बसली.

शकूताई विमानात कधी बसलेल्या नाहीत. पण उड्डाणाआधीच्या तपासणीची यादी हातात दिली की ती त्या खणखणीत वाचतात. मी एकदा बघायला गेलो होतो. शकूताई मांडीवर भेंड्या घेऊन बसल्या होत्या.

"फ्लॅप?"

"सेट."

"फ्युएल पंप?"

"ऑन."

"देवाम्होरं दिवा?"

"आई, ते त्यात नाहीये."

"नसू दे. लावलास का न्हाई?"

तेजस्विनी उठून दिवा लावून आली आणि उड्डाण पुढे सुरू झालं. दुसऱ्या खुर्चीतल्या माणसाचं ऐकायची सवय लागायला याहून कडक शिक्षक मीही नव्हतो.

गटचर्चेत या वेळी तिनं आधी बाकीच्यांना बोलू दिलं. त्यातल्या एका मुलाची सूचना तिच्या सूचनेपेक्षा बरी होती, हे तिनं मला आश्चर्यानं सांगितलं. आणि मग मुलाखत. ती गुरुग्रामला झाली. समोर तिघं बसले होते, मध्ये एक ज्येष्ठ महिला कॅप्टन.

त्या बाईंनी विचारलं, "लायसन्स मिळून बराच काळ झाला. इतके दिवस काय केलंत?"

या प्रश्नाला मुलं ठरलेली उत्तरं देतात. मी अभ्यास केला, मी ध्यान केलं, मी स्वतःला घडवलं. तेजस्विनी म्हणाली, "लग्नं लावली."

तिघांनी एकदमच वर पाहिलं. मग तिला सगळं सांगावं लागलं: लॉन, गोरज मुहूर्त, दिवे घाटावरचा ढग, खुर्च्या.

"मग पाऊस आला?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. चार थेंब. ढग सासवडला गेला."

"म्हणजे तुमचा निर्णय चुकला."

"नाही. ढग कुठं जाणार हे तेव्हा मला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. साऊंडच्या वायरी उघड्यावर होत्या आणि पाचशे माणसं होती."

"पुन्हा असंच झालं तर?"

"पुन्हा आत हलवीन. पण आधी वरमाईला ढग दाखवीन."

वरमाई म्हणजे काय हे टेबलाच्या डाव्या बाजूच्या गृहस्थांना समजावून सांगण्यात काही मिनिटं गेली. त्यांना स्वतःच्या लग्नातली आई आठवली असावी, कारण ते बराच वेळ हसत होते. बाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "सिम्युलेटरला उद्या वेळेवर या."

निवडीचा ईमेल आला तेव्हा ती लॉनवर एका आचाऱ्याशी जिलबीच्या पाकावरून वाद घालत होती. तिनं तो वाचला, आचाऱ्याला म्हणाली, "तुम्ही म्हणता तसा करा," आणि खुर्चीत बसली. आचारी घाबरून हिंदुरावांना बोलवायला धावला, कारण तिनं त्याचं म्हणणं कधी मान्य केलं नव्हतं.

हिंदुरावांनी बातमी ऐकली, डोळे पुसले, आणि मग त्यांना धंद्याची आठवण झाली. "आता लॉन कोण बघणार?"

"मी," शकूताई म्हणाल्या आणि टेबलावरची वॉकीटॉकी उचलली.

पुढचं प्रशिक्षण लांबलचक होतं. ते पार पडून तेजस्विनी आता एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे कॅप्टनच्या शेजारच्या खुर्चीत. राहते बेंगळुरूला. गेल्या महिन्यात तिची एक फेरी पुण्याला होती. विमान उतरणार, माणसं बदलणार आणि लगेच परत जाणार. तिला खाली उतरायलाही मिळणार नव्हतं. हे तिनं फोनवर दोनदा सांगितलं होतं. तरी हिंदुराव आणि शकूताई डबा घेऊन लोहगावच्या विमानतळावर गेले, आणि वाटेत मलाही उचललं, माझी तिथं ओळख असेल या समजुतीनं. माझ्या ओळखीचे सगळे निवृत्त झालेत. दारावरच्या जवानानं तिकीट विचारलं. शकूताईंनी त्याला डबा दाखवला. तो हसला, पण हलला नाही.

मग आम्ही पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर डबा उघडला. भाकरी, भरली वांगी, ठेचा. डोक्यावरून एक विमान गेलं, शकूताईंनी हात हलवला. थोड्या वेळानं दुसरं गेलं, त्यालाही हलवला. तिसऱ्याला हिंदुरावांनीही हलवला आणि म्हणाले, "हेच व्हतं. चढताना सरळ गेलं बघा."

तेवढ्यात तेजस्विनीचा फोन आला. विमान पुण्याहून वेळेआधीच, आम्ही लोहगावला पोचायच्याही आधी, निघालं होतं आणि ती आता बेंगळुरूला पोचली होती.

हिंदुरावांनी फोन खिशात ठेवला. "मग आपण हात कुणाला दाखवला?"

"असतील कुणाची तरी पोरं," शकूताई म्हणाल्या आणि माझ्या पानात अजून एक वांगं वाढलं.