पासवर्ड बदलायला लावणारे दाजी

माझ्या थोरल्या साडूंइतका संशयी माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका साधाभोळाही दुसरा नाही. या दोन गोष्टी एका अंगात कशा नांदतात हे कळायला मला वीस वर्षं लागली. शेजाऱ्यानं तासाभरासाठी नेलेली मोटारसायकल महिनाभर परत आली नाही, तरी ते "काम असंल त्याचं" एवढंच म्हणतात. माणसांवर त्यांचा संशय नाहीच. संशय आहे तो खोक्यातून नव्यानं बाहेर निघालेल्या आणि तारेला जोडलेल्या कुठल्याही यंत्रावर. अशा प्रत्येक यंत्राला कारखान्यातून निघतानाच एक पासवर्ड दिलेला असतो. तो सगळ्या नगांना एकच असतो, सोबतच्या पुस्तिकेत छापलेला असतो, आणि घेणाऱ्यानं तो बदलायचा असतो. घेणारा बदलत नाही. या एवढ्याशा गोष्टीपायी या गृहस्थांनी सगळी नोकरी पणाला लावली, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला बसलो. माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. मी हायस्कुलात मराठी शिकवतो, म्हणून ते मला सर म्हणतात.

दाजी मूळचे मोहोळकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. आयटीआय करून सोलापुरात आले, आधी टेलिफोनच्या तारा ओढल्या, मग कॉम्प्युटरच्या, आणि शेवटी शहरातल्या एका मोठ्या इस्पितळाचं नेटवर्क सांभाळायला लागले. इस्पितळाचं नाव सांगत नाही, कारण दाजींनी शपथ घातली आहे. कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढता काढता त्यांची नजर भिंतीवरून आणि शोकेसवरून फिरू लागते. यजमानीण पाण्याचा तांब्या घेऊन येते तेव्हा दाजी म्हणतात, "पाणी नंतर. आदी तो वायफायचा डबा कुटं हाय ते सांगा." डबा सापडला की शर्टाच्या खिशातून पेनाएवढी बॅटरी निघते, ती दातांत धरून दाजी शोकेसखाली आडवे होतात आणि डब्याच्या पोटावरचं बारीक अक्षरांतलं लेबल वाचतात. जावई घरात येऊन आधी विंचू शोधतात अशी आमच्या सासूबाईंची कितीतरी वर्षं समजूत होती, आणि जावई दक्ष आहे म्हणून त्या चारचौघांत कौतुकही करायच्या.

बरं, हे नुसतं डब्यापुरतं असतं तरी चाललं असतं. मंगल कार्यालयात वऱ्हाडाच्या बॅगा रांगेनं ठेवलेल्या दिसल्या की दाजी एकेका बॅगेचं आकड्यांचं कुलूप तीन शून्यांवर आणून बघतात आणि उघडलं की मालकाला शोधून आणतात. नातेपुत्याच्या एका लग्नात वरमाईच्या बॅगेशी ते असे सापडले. मुलीकडच्यांना त्यांना सोडवून आणायला अर्धा तास लागला, पण सुटका झाल्यावरही दाजी त्या बाईंना आकडे कसे बदलायचे तेच शिकवत होते. त्यांच्या स्वतःच्या मुलीला बघायला मंडळी आली तेव्हा पगार, शेती, पत्रिका यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं ठेवली आणि मुलाला विचारलं, "बँकेतनं कार्ड आलं तवा त्याचा पिन नंबर कितव्या दिवशी बदलला?" मुलगा घाबरून म्हणाला, "त्याच दिवशी." दाजी आत गेले आणि आक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. ठरवून टाकू."

यामागं त्यांचं एक तत्त्व आहे, आणि ते मला पाठ आहे. दाजींच्या लग्नात नवरीचं नाव बदलायला तांदळाचं ताट पुढं आलं होतं. दाजींनी ते बाजूला सारलं आणि बायकोचं माहेरचंच नाव ठेवलं. त्यावरून मोहोळकडच्या भावकीत बराच काळ कुजबुज होती. मी एकदा त्यांना म्हटलं, "दाजी, बायकोचं नाव बदललं नाहीत आणि यंत्रांचे पासवर्ड मात्र बदलत सुटता." ते म्हणाले, "सर, आईबापानं ठिवलेलं नाव माणसानं जपायचं असतंय. कारखान्यानं ठिवलेला शब्द बदलल्याबिगर यंत्राला उंबरा वलांडू द्यायचा न्हाय." इस्पितळात नवीन यंत्र आलं की ते खरोखरच दारात अडवून ठेवायचे. पासवर्ड बदलायचा, वहीत तारीख टाकायची, आणि मगच हमालानं ते आत घ्यायचं.

नातेवाइकांच्या मागंही त्यांनी हाच लकडा लावला होता. एका दिवाळीत सगळ्यांनी त्रासून कबूल केलं आणि घरोघरी पासवर्ड बदलले गेले. महिन्याभरानं दाजी फेरी मारायला निघाले. पहिल्या घरी त्यांनी ग्रामदैवताचं नाव टाकून पुढं अडुसष्ट टाकलं, आणि डबा उघडला. सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात अडुसष्ट लिंगं स्थापली हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण हे फक्त आपल्याच डोक्यात आलं असं प्रत्येकाला वाटलेलं. दुसरं घर उघडलं, तिसरं उघडलं. पाचवं घर माझं होतं. भाषेचा माणूस म्हणून मी काहीतरी वेगळं केलं असणार अशी त्यांची अपेक्षा होती. माझाही डबा त्याच शब्दाला उघडला तेव्हा ते जमिनीवर बसले आणि म्हणाले, "देवावर भरवसा ठिवा. पण अख्खं गाव एका किल्लीनं उघडतंय हो, सर." त्या दिवशी मला माझ्या शिक्षणाची जरा लाज वाटली.

आता खरी गोष्ट. इस्पितळानं एक नवी व्यवस्था विकत घेतली. पूर्वी दाजी मजल्यामजल्यावर फिरून जे बघायचे, ते सगळं आता एका पडद्यावर दिसणार होतं. कुठली तार चालू आहे, कुठला कॅमेरा बंद आहे, तपासणीच्या यंत्रांचे निकाल कुठल्या वाटेनं जातात, अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या नाडीचे आकडे परिचारिकांच्या टेबलापर्यंत पोचतात की नाही, सगळं. आणि नुसतं दिसणार नव्हतं, तिथूनच चालू-बंदही करता येणार होतं. कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला, जोडणी करून दिली आणि जाताना सांगून गेला की पासवर्ड बदलू नका, आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडं हाच ठेवतो, म्हणजे आमचा कुठलाही माणूस पुण्यात बसून दुरुस्ती करू शकतो. प्रशासक साहेबांनी तसा लेखी आदेश काढला. दाजींनी 'व्यवस्था सुस्थितीत ताब्यात मिळाली' या कागदावर सही करायची होती. दाजींनी सही केली नाही.

आधी समज मिळाली, मग मेमो मिळाला, आणि नंतर असं कळलं की सोमवारपर्यंत सही झाली नाही तर त्यांच्या जागी दुसरा माणूस बघितला जाईल. मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. आक्का आमच्या घरी येऊन रडल्या. "भावजी, तुम्हीच समजवा त्यांना. एका शब्दासाठी नोकरी घालवायला निघालेत." माझंही डोकं तापलं होतं. मुलीच्या लग्नात बाप बेकार, आणि कशापायी, तर पासवर्डपायी! शनिवारी शाळा सुटल्यावर मी तडक इस्पितळात गेलो. जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत दाजी पंख्याखाली बसले होते. रस्ताभर जुळवलेलं भाषण मी सुरू केलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि एकदम उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "सर, बरं झालं आलासा. तीन दिस झालं, ज्याला कायबी येत न्हाय असा माणूस मी हुडकतोय."

मी रागावलोच. पण त्यांची अडचण खरी होती. त्यांनी स्वतः साहेबांना व्यवस्था उघडून दाखवली होती, त्यावर साहेब म्हणाले होते, "तुम्हाला येणारच हो. तुम्ही त्यातले आहात." दाजींनी मला खुर्चीवर बसवलं आणि यंत्राच्या खोक्यावर छापलेलं नाव दाखवलं. "आता तुमी उघडा. मी हात लावणार न्हाय." मी मोबाइलवर ते नाव शोधलं. कंपनीची पुस्तिका निघाली, आणि तिच्या दुसऱ्याच पानावर पासवर्ड ठळक अक्षरांत छापलेला होता. मी तो टाकला. पडद्यावर इस्पितळाचे सगळे मजले उमटले, हिरव्या ठिपक्यांनी भरलेले. मी सहज तिसऱ्या मजल्यावर बोट नेलं. तिथं अतिदक्षता विभाग असं लिहिलं होतं, आणि खाली विचारलं होतं, जोडणी बंद करायची का, हो किंवा नाही. दाजींनी माझा हात धरला. "हितनं फुडं न्हाय." माझ्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी त्याच मजल्यावर आठ दिवस होत्या. मी शुद्धलेखन तपासणारा माणूस, आणि आत कुठंतरी श्वास मोजत पडलेल्या कुणाच्या तरी उशाचा आकडा माझ्या बोटाखाली होता.

सोमवारी मी शाळेत अर्धी रजा टाकली. दाजी मला घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "साहेब, हे माझे साडू. मराठी शिकिवत्यात. मोबाइलमधनं फोटू पाठवायचा म्हटलं तर पोरीला हाक मारत्यात." माझी इतकी खरी ओळख आजवर कुणी करून दिलेली नाही. साहेबांपुढं चहा आला होता. तो निवायच्या आत मी साहेबांच्याच कॉम्प्युटरवर ती व्यवस्था उघडली आणि दाजींनी बोट दाखवलं तो ठिपका दाबला. पडद्यावर साहेबांची केबिन आली. छतावरच्या कॅमेऱ्यातून आम्ही तिघं दिसत होतो, आणि मधोमध साहेबांचं टक्कल. साहेबांनी मान वर करून छताकडं पाहिलं, मग पडद्याकडं.

"हे कुणालाही दिसेल?" त्यांनी विचारलं.

"ज्याला वाचता येतंय त्याला," दाजी म्हणाले.

साहेबांनी मेमो मागवला आणि आमच्या देखत फाडला. माणूस मोठ्या मनाचा निघाला. लगेच पासवर्ड बदलायला बसूया म्हणाले, आणि आवाज खाली आणून त्यांनी सुचवलं, "ग्रामदैवताचं नाव टाका आणि पुढं अडुसष्ट. कुणाच्या बापाला सुचायचं नाही." दाजींनी कपाळाला हात लावला. शेवटी अर्धा पासवर्ड दाजींनी ठेवला आणि अर्धा मुख्य परिचारिकेनं, म्हणजे एकट्याला कुणालाच काही करता येऊ नये. मगच दाजींनी त्या कागदावर सही केली. पुण्याच्या इंजिनिअरला दुरुस्ती करायची असेल तेव्हा त्यानं फोन करायचा आणि तेवढ्यापुरतं दार उघडून घ्यायचं असं ठरलं. लग्न थाटात झालं. पंगतीत मी ज्याला त्याला धरून सांगत होतो की हे माझे साडू. लोक म्हणायचे, माहीत आहे की. पण त्यांना काय माहीत असणार!

गेल्या वर्षी दाजी निवृत्त झाले. हॉलमध्ये शाल आणि नारळ तयार होते, साहेब थांबले होते, पण दाजी जिन्याखालच्या खोलीतून बाहेर येईनात. बघायला गेलो तर त्यांच्या जागी आलेल्या नव्या इंजिनिअर बाई संकोचून उभ्या होत्या, शेजारी मुख्य परिचारिका. इंजिनिअर बाई विणकर घरातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. म्हणत होत्या, "सर, तुमचा अर्धा पासवर्ड तसाच राहू द्या ना. अडचण आली तर तुम्हाला विचारता येईल." दाजी म्हणाले, "अडचण आली तर फोन करा, मी येतो की. पण दार तुमी उघडायचं. जाणाऱ्या माणसाकडं किल्ली ठिवायची नसती." आणि त्यांनी खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड केलं. बाई टाइप करू लागल्या. दाजींची पाठ आमच्याकडं होती आणि मांडीवरची बोटं हलत होती, कळांचे आवाज मोजत. "चौदा," ते म्हणाले. "चांगलं हाय." मग उठून त्यांनी स्वतःचा जुना शब्द एकदा टाकून बघितला, पुढचा अर्धा मुख्य परिचारिकेनं टाकला. पासवर्ड चुकीचा आहे असं पडद्यावर आलं. ज्या जाळ्याची तार न् तार त्यांनी ओढली होती, ते आता त्यांना आत घेत नव्हतं. दाजी त्या ओळीकडं जरा वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "बराबर." मला त्या क्षणी त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आजवर कुणाचाच वाटलेला नाही, माझा स्वतःचा तर नाहीच.

परत येताना सात रस्ता चौकाच्या गर्दीतून आम्ही चालत आलो. शाल काखेत, नारळ पिशवीत. दाजी आमच्या घरी आले, चपला काढल्या, खुर्चीत बसले. भिंतीकडं पाहिलं नाही, शोकेसकडं पाहिलं नाही. माझ्या बायकोला म्हणाले, "जरा पाणी दे गं." तांब्या भरता भरता तिनं माझ्याकडं पाहिलं. वीस वर्षांत दाजींनी आमच्या घरी आधी पाणी मागितलेलं नव्हतं.

ते पाणी पिऊन झाल्यावर मी म्हणालो, "दाजी, परवा नवा डबा बसवून गेलेत. पासवर्ड कारखान्याचाच आहे. मला काही ते जमलं नाही."

डबा जुनाच होता, आणि पासवर्ड मी आठच दिवसांपूर्वी बदलला होता, चौदा अक्षरांचा. दाजींनी माझ्याकडं रागानं पाहिलं, खिशातली बॅटरी चाचपली आणि शोकेसखाली वाकले.