उसने कान

फलटणमध्ये इलेक्ट्रिक गिटार बाळगणारी माणसं मोजकीच, आणि त्यातल्या प्रत्येकाची गिटार कधी ना कधी पोट उघडून नाथाजी जगदाळेच्या टेबलावर पडलेली होती. तरुणपणी नाथाजी स्वतः ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. तेव्हाचा चंदेरी कोट अजून कपाटात होता. त्या कोटात आता नाथाजीचा एक हातच काय तो मावायचा. पण बायकोने तो भांडेवालीला द्यायचं नुसतं नाव काढलं तरी दोन दिवस घरात अबोला.

ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि नाथाजी दुरुस्तीत शिरला. गिटारच्या तारांखाली चुंबकाच्या पट्ट्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. तार थरथरली की पिकअप ती थरथर पकडून स्पीकरकडे पाठवतो. एकच पिकअप चालू ठेवला की आवाज एक, दोन जोडले की दुसरा, एकाच पिकअपच्या पोटातल्या बारीक तारेच्या दोन गुंडाळ्यांपैकी एक झोपवली की तिसरा. नाथाजी गिटारला असे काही खटके बसवून द्यायचा की एका गिटारमधून सहा गिटारी बाहेर पडाव्यात. "सहा जावा एका घरात नांदवल्यात," तो छाती फुगवून सांगायचा, "खटका दाबंल ती बोलंल, बाकीच्या गप. दावा मला असलं घर फलटणात!"

कथलाचा डाग देऊन वायरी जोडल्या की तपासणी फक्त कानाने. मीटरला तो जुमानत नसे. "मीटर काय गातो व्हय?"

आणि नेमका कानच गेला. मधली बरीच वर्षं त्याने मिरवणुकांचे डीजे सांभाळले होते, भिंतीएवढ्या स्पीकरांच्या पुढ्यात उभं राहून. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी गेली, मग फोनवरची माणसं पुटपुटायला लागली. सगळ्या तालुक्याचा घसा एकदम बसलाय, असं नाथाजी वर्षभर मानत होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं, तेव्हा तो त्यांच्यावरच उखडला. कानाला यंत्र लावलेल्या माणसाच्या हातात गिटार देणार कोण? हे टेबल सुटलं तर नाथाजीकडे राहतं काय? तो कोट!

म्हणून त्याची बायको शालूबाई त्याचे कान झाली. दुकान घराच्या पुढच्या खोलीतच. गिऱ्हाईक नसताना दार लोटून घ्यायचं, नाथाजीने तार छेडायची, खटका बदलायचा, आणि शालूबाईने त्याच्याकडे तोंड करून मोठ्याने सांगायचं. तिला सूर कळत नव्हता की पट्टी. पण स्वयंपाक कळत होता. "ही नुसती पाणचट आमटी." "ह्यो खर्डा, डोक्यात जातोय." "आता कसं, पिठलं आळल्यावाणी." नाथाजी आमटीचं भाषांतर विजेत करायचा आणि पुन्हा डाग द्यायचा. त्या जोरावर, आणि गिऱ्हाइकांच्या ओठांकडे बघत, तीन वर्षं कुणालाही पत्ता लागला नाही.

पण नाथाजीचा स्वभाव! शालूबाईने "पाणचट" म्हटलं की हा तापायचा. "तुला काय कळतंय त्यातलं?" असं तिलाच विचारायचा, जसं काही तिला कळावं म्हणून बसवलीच नव्हती. होळीच्या आदल्या दिवशी तिने एकाच गिटारला तिसऱ्यांदा "पाणचट" म्हटलं, आणि नाथाजीने हातातली पकड भिरकावली. ती शालूबाईच्या कानाजवळून जाऊन कपाटाच्या काचेत शिरली. दोघंही काचा वेचत बसली.  नाथाजीचा तो राग कसला, भीती होती ती. शालूबाईला ती ओळखता येत होती, म्हणूनच तिने मनाशी काहीतरी ठरवलं.

पुढच्याच आठवड्यात धम्मपाल आला. शिरवळच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा आणि भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवणारा पोरगा. जयंतीला शिरवळमध्ये मोठा कार्यक्रम होता आणि पहिल्यांदाच त्याच्या वाट्याला एक अख्खा तुकडा एकट्याने वाजवायला आला होता. "नाथाकाका, त्या तुकड्याला भरलेला आवाज पायजे. अंगावर आला पायजे." नवा पिकअप त्याने ऑनलाइन मागवला होता.

त्यातून चार रंगांच्या वायरी निघाल्या. नाथाजीने हाताला सवय होती त्या रंगांप्रमाणे त्या जोडल्या. आता प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. एक गुंडाळी उलटी जोडली गेली की दोन गुंडाळ्या एकमेकींचा आवाज खातात. हे फक्त कानाला कळतं. नाथाजीने दार लोटलं, स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवला, तार छेडली. तळव्याला हवा तसा हादरा बसेना.

"अगं, बारीक येतोय का?"

"न्हाई. चांगला हाय."

"नीट ऐक. मला बारीक वाटतोय."

शालूबाईने टेबलावरच्या पकडीकडे पाहिलं. "आवं, भरलेला हाय म्हणतीया न्हवं! पिठलं आळल्यावाणी."

नाथाजीने स्वतःच्या तळव्यापेक्षा तिच्या कानावर विश्वास ठेवला. कारखान्याच्या पाळ्यांमुळे धम्मपालला गिटार न्यायला जयंतीचीच सकाळ उजाडली, वाजवून बघायला वेळ नव्हता.

जयंतीच्या संध्याकाळी दोघांना धम्मपालने आग्रहाने बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. गाणी रंगली. मग तो तुकडा आला. धम्मपाल पुढे झाला, त्याने नव्या पिकअपचा खटका दाबला आणि तार ओढली. नाथाजीला ऐकू आलं नाही, पण दिसलं. पोराचा चेहरा पडला. हात खटक्याकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. पेटीवाल्याने घाईघाईने तो तुकडा स्वतः वाजवून नेला. मागच्या रांगेत कुणी हसलं असावं, कारण शालूबाई वळून बघत होती.

"गेला का आवाज?" नाथाजीने विचारलं.

"चांगला वाजतोय," शालूबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

कार्यक्रम संपल्यावर धम्मपाल स्वतःच खाली आला. रागावला असता तर बरं झालं असतं. "असू द्या काका," तो म्हणाला, "एखादी वायर हलली आसंल. उद्या येऊ का घिऊन?" नाथाजी त्याच्या ओठांकडे बघत होता. शालूबाई मध्ये पडली, "माझंच चुकलं रं बाळा, मीच..."

"तिचं न्हाई चुकलं!" नाथाजी म्हणाला. तो हळू बोलतोय असं त्याला वाटत होतं. मंडपात खुर्च्या गोळा करणारी माणसं थांबली. "मला ऐकू येत न्हाई गड्या. तीन वर्सं झाली. ही ऐकायची, मी जोडायचो. मी अंगावर जायला लागलो, तवा भ्याली ती. ती तरी काय करंल?"

 धम्मपालने गिटार पिशवीत घातली.

"माज्याकडं आणू नगो," नाथाजी तशाच आवाजात सांगत राहिला. "एका गुंडाळीच्या दोन वायरी उलट्या झाल्यात. त्यांची आदलाबदल करायची, बाकीच्याला हात न्हाई लावायचा. ज्याला ऐकू येतं त्याच्याकडनं करून घे. आजपासनं माजं दुकान बंद. ज्याला त्याला सांग."

"काका, हळू," धम्मपाल म्हणाला.

शालूबाईने नाथाजीची बाही ओढली. आवाज कमी करा, एवढंच तिला सांगायचं होतं. त्याला वाटलं, चला म्हणतेय. तो उठला आणि तिच्या पुढे चालायला लागला.