नाकाचं माप

नाकावरचं प्लास्टर निघून चार दिवस झाले होते, तेव्हा शेजारीण वाटीभर भाजी घेऊन आली. भाजी हे निमित्त. वाटी ओट्यावर ठेवायच्या आधीच तिनं मान तिरपी करून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काहून वो, डावी नाकपुडी मोठी दिसून राह्यली का? का मलेच तसं दिसते?"

"तुलेच दिसते," मी म्हटलं. "वाटी ठेव अन् जाय."

ती गेली, पण एकटी गेली नाही, माझं नाक घेऊन गेली. दुपारपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं होतं की ऑपरेशन करूनही हिचं नाक वाकडंच आहे. मग एकेक बाई यायला लागली. कोणी विरजण मागायला, कोणी चाळणी परत करायला. बोलणं विरजणाचं आणि डोळे नाकपुड्यांवर.

आमची मोहाडीतली ही गल्ली विणकरांची. निम्म्या घरांतले माग बंद पडले, तरी नजर बंद पडलेली नाही. लुगड्याचा काठ एका तारेनं सरकला तर आमच्या बायकांना तो दारातून दिसतो आणि दिसला की सांगितल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नाही. कापडाला ही नजर ठीक आहे. माणसाच्या तोंडावर ती टाकू नये एवढी अक्कल मात्र कोणालाच नाही. मला या सगळ्यांचा मनापासून राग यायचा. अजून येतो.

आणि सगळ्यात वाईट हे की शेजारीण खोटं बोलत नव्हती. डावी नाकपुडी मोठी होती. गोल, फुगलेली. उजवी बारीक, जेमतेम उघडलेली. नाकाचा शेंडा बटाट्यासारखा. आरशात हे सगळ्यात आधी मीच पाहिलं होतं, तिच्या चार दिवस आधी, प्लास्टर निघालं त्याच दिवशी, दवाखान्यातल्या बेसिनवर.

डॉक्टर तेव्हा हात धूत होते. त्यांनी आरशातच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सूज आहे. उतरेल. दोन्ही बाजूंची सारखी उतरत नाही. शेंड्याची सूज जायला तर वर्षसुद्धा लागतं. नाकाला हात लावायचा नाही, कुशीवर झोपायचं नाही, आणि धीर धरायचा."

इतर कोणत्याही बाईला या बोलण्यानं बरं वाटलं असतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हे वाक्य मी एकदा ऐकलं होतं.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या पुढच्या खोलीत माग आहे. त्या दिवशी नवरा मागावर होता आणि मी बाजूला बसून चरख्यावर आडव्या धाग्याच्या कांड्या भरत होते. दोरीला हिसका दिला की धोटा ताण्यामधून, म्हणजे उभ्या धाग्यांमधून, या टोकाहून त्या टोकाला जातो. लाकडाचा असतो, टोकांना लोखंड असतं. विणताना ताण्यावर नजर हवी, तार तुटलेली असली तर धोटा अडखळतो आणि बाहेर उडतो. नवऱ्याची नजर दाराकडे होती. दारात उभ्या असलेल्या कोणाशी तरी तो हसत बोलत होता आणि हात सवयीनं हिसके देत होता. धोटा उडाला आणि सरळ माझ्या नाकावर बसला.

रक्त मांडीवरच्या कांड्यांवर सांडलं. नवरा उठला, त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग कांड्यांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "सूज हाय. उतरून जाईन."

सासूनं आंबेहळदीचा लेप थापला. दवाखान्याचं नाव कोणी काढलं नाही. तीन आठवड्यांनी सूज खरंच उतरली, आणि खाली जे नाक निघालं ते माझं नव्हतं. मधलं हाड एका बाजूला सरकलं होतं आणि उजवीकडून श्वास बंद झाला होता. तेव्हापासून मी तोंडानं श्वास घेत जगले. सकाळी उठलं की जीभ टाळूला चिकटलेली. घोरते म्हणून लग्नाकार्यात पाहुण्या बायका माझ्याशेजारी झोपायला तयार नसत, आणि हे त्या मोठ्यानं सांगत.

या बारा वर्षांत नवरा एकदाही म्हणाला नाही की माझं चुकलं. वाईट माणूस नाही तो. पीत नाही, हात उचलत नाही. पण विषय निघाला की मूग गिळून बसायचा, नाहीतर मागावर जाऊन बसायचा. धोट्याच्या खटखटीत माझं बोलणं ऐकू येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मला एकच शब्द हवा होता. तो न मिळाल्यामुळे तीच गोष्ट मी दर वर्षी जरा जास्त जोरात बोलायला लागले.

शेवटी मी स्वतःच नागपूरच्या डॉक्टरांना दाखवलं, तारीख घेतली आणि घरी येऊन सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. त्यांनी हाड कापून सरळ केलं, आतून टाके घातले. आता मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की हे नाक या वेळेला सरळ बसणार की पुन्हा सूज उतरल्यावर खालून वाकडंच निघणार. "सूज आहे, उतरेल" यावर एकदा विश्वास ठेवून मी बारा वर्षं घालवली होती. दुसऱ्यांदा ठेवायला मी वेडी नव्हते.

घरात सासूचा जीव वेगळ्याच कारणानं वर-खाली होत होता. तिनं आपल्या हातानं सात-आठ नातवंडांना न्हाऊ घातलं. न्हाऊ घालताना बाळाचं नाक दोन बोटांत धरून ओढायचं, म्हणजे ते सरळ आणि टोकदार होतं, यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास. माझं नाक पाहून तिची बोटं शिवशिवायची.

"तेल कोमट करून आणतो," ती म्हणाली. "आठ दिवस ओढून देतो. डॉक्टरले काय समजते? माह्या हातची सगळी लेकरं पाह्य."

"आई, तुम्ही माझ्या नाकाले बोट लावून तर पाहा," मी म्हटलं. "मी माहेरी निघून जाईन अन् सगळ्यांले सांगीन का सासूनं ऑपरेशन केलेलं नाक मोडलं."

तिनं तेलाची वाटी माझ्यासमोर आपटली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते दोन दिवस बरे गेले. नवऱ्यालाही मी बजावलं होतं की माझ्या तोंडाकडे पाहायचं नाही. तो बिचारा जेवताना ताटाकडे पाहून बोलायचा. कोणाला म्हणून मी नाकाजवळ फिरकू दिलं नाही.

आणि रोज सकाळी अंघोळ झाली की खोलीचं दार लावून मी स्वतः नाक मोजायला बसायची.

मोबाईलवर फोटो काढून पाहिले होते. पण फोटोत उजेड बदलला की नाकही बदलतं. हाताला लागलेलं माप तेच खरं, हे मी या घरात शिकले होते. म्हणून नवऱ्याच्या टोपलीतून कोशाचा, म्हणजे आमच्याकडच्या रानरेशमाचा, वीतभर धागा घेतला. तोंडात धरून ओला केला, म्हणजे निसटत नाही. एक टोक नाकाच्या मधल्या पडद्याशी धरायचं, धागा डाव्या नाकपुडीवरून बाहेरच्या कडेपर्यंत न्यायचा, नखानं दाबून धरायचा. पहिल्या दिवशी जिथे कड आली तिथे गाठ मारली. नाकपुडी गाठीच्या आत आली तर सूज उतरली. गाठीबाहेर गेली तर चढली. मापून झालं की धागा आरशामागच्या खिळ्याला.

एक दिवस गाठीच्या आत यायची. त्या दिवशी मी सासूला स्वतःहून चहा द्यायची. दुसऱ्या दिवशी गाठीबाहेर जायची, आणि मग घरात कोणाची खैर नसायची. भात शिजला नाही म्हणून, पाणी सांडलं म्हणून, नवरा शिंकला म्हणून. हो, शिंकला म्हणूनही भांडले. त्याला सरळ शिंकता येत होतं आणि मला तोंड उघडून शिंकायला सांगितलं होतं, याचाच मला राग आला होता. कधी खात्री पटायची नाही म्हणून तीन-तीनदा मोजायची. एका सकाळी तर सात वेळा मोजलं. नाकपुडीची कड लाल व्हायची, दुखायची. मला वाटायचं, आत काहीतरी बिघडतंय म्हणून दुखतंय.

दीड महिन्यानं दाखवायला बोलावलं होतं. नवरा सोबत आला. मी नको म्हटलं होतं तरी आला. एसटीत तो खिडकीकडे बसला आणि नागपूर येईपर्यंत बाहेर पाहत होता.

डॉक्टरांनी बॅटरी लावून आत पाहिलं. हाड सरळ आहे म्हणाले, श्वास दोन्हीकडून चालतो म्हणाले. मग बाहेरून डावी नाकपुडी पाहिली, बोटानं हलकेच चाचपली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"उजवीकडची सूज बरीच उतरली. डावीकडची आतापर्यंत एवढी राहायला नको होती. आणि हा इथे नखाचा वळ आहे. नाकाला कोण हात लावतं?"

इतक्या दिवसांत एकदाही, देवाशपथ एकदाही, मला हे सुचलं नव्हतं. सासूला हाकललं, शेजारणीला हाकललं, आणि नाक दाबत होते मी.

नवरा खुर्चीमागे पिशवी धरून उभा होता. मी त्याच्याकडे बोट केलं.

"हे लावतात," मी म्हटलं. "सरळ झालं का म्हणून रोज दाबून पाहतात."

का म्हटलं? लाज वाटली म्हणून. पण फक्त लाजच नाही. बारा वर्षांचं काहीतरी होतं ते त्या क्षणी तोंडाशी आलं आणि मला ते बाहेर काढायला बरं वाटलं. खरं सांगायचं तर छान वाटलं.

डॉक्टर खुर्ची फिरवून नवऱ्याकडे वळले. माझ्या नवऱ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असतील. पण शाळेतल्या पोराला रागवावं तसे रागावले. "अहो, कळतं का तुम्हाला? रोज दाबलं तर सूज उतरणार कशी? आत कडक गाठ धरली तर पुन्हा कापायला लागेल. बायकोला पुन्हा टेबलावर घालायचंय का?"

बाहेरच्या बाकावरचे पेशंट उघड्या दारातून आत पाहत होते. नवऱ्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"चुकलं, साहेब," तो म्हणाला. "आता नाही लावणार."

चुकलं. बारा वर्षं मी ज्या शब्दासाठी भांडले तो शब्द त्यानं असा देऊन टाकला. जे त्यानं केलंच नव्हतं त्यासाठी, आणि मला नाही, डॉक्टरांना.

परतीच्या गाडीत मी वाट पाहत होते की आता तो बोलेल. भंडारा आलं, मोहाडी आली, तो बोलला नाही. मी भांडायची सगळी तयारी ठेवली होती, ती तशीच घेऊन घरी उतरले.

घरी आल्यावर तो सरळ आतल्या खोलीत गेला, आरसा जरा सरकवला आणि मागच्या खिळ्याचा धागा काढला. बोटांत धरून त्यानं तो उजेडात पाहिला, जसा दुकानातला माल पाहतो.

"हा धागा मापाचा नाई," तो म्हणाला. "ओला झाला का ताणते, वाळला का आखडते. आमी यानं फडकंबी मोजत नाई. तू त्यानं नाक मोजून राह्यली."

"तुम्हाले माहीत होतं?"

"रोज सकाळी दार लावते. टोपलीतला धागा कमी झाला तं मले समजत नाई का?"

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"तू आयकली असती?"

नसते ऐकले. धागा त्याच्याच तोंडावर फेकला असता.

"अन् डॉक्टरपुढं? तिथं तरी सांगाचं होतं का मी नाई, हीच लावते म्हणून."

तो धागा गुंडाळत राहिला. बोटाभोवती, एकेक वेढा, कांडी भरावी तसा. मग पुढच्या खोलीत मागाकडे जाता जाता, माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "धोटा तं माह्याच हातचा होता न."

आणि जाऊन मागावर बसला. पण त्या दिवशी त्यानं माग चालवला नाही. मी काही बोलले असते तर त्याला ऐकू आलं असतं.

हेच तो तेव्हा, रक्त सांडलं त्या दिवशी बोलला असता, तर मी त्याला तिथल्या तिथे माफ केलं असतं. आता मला त्याला माफ करायचा हक्क राहिला नव्हता, कारण दाराबाहेरच्या पेशंटसमोर मी त्याच्यावर खोटा आळ घेतला होता आणि तो उभ्यानं बोलणी खाऊन आला होता. मला फार राग आला. या वेळेला तो कोणावर काढायचा हेच कळेना.

त्यानंतर मी नाकाला हात लावला नाही. सूज उतरली. खाली नाक सरळ निघालं. डावी नाकपुडी अजून जराशी मोठी वाटते, शेजारणीला तर नक्कीच वाटते. मी मोजलेली नाही. रात्री तोंड मिटून झोपते, घोरत नाही, असं नवराच सांगतो.

फक्त माझं चुकलं, एवढं त्याला म्हणायचं राहिलं आहे. रोज सकाळी चहाचा कप त्याच्यासमोर ठेवताना म्हणायचं ठरवते, आणि साखर बरोबर झाली का ते विचारून आत येते.