कादरी सरांची मुलाखत

एम.ए.च्या प्रवेशाला आलेला मुलगा समोर बसला की कादरी सर उठायचे. त्याला आपल्या खुर्चीत बसवायचे, आपण त्याच्या खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "आता तू पाकिस्तान, मी भारत. मला कशाला भितोस, सांग."

नांदेडच्या आमच्या कॉलेजात सर आंतरराष्ट्रीय सुरक्षा शिकवायचे. अण्वस्त्रांच्या करारांवरचे त्यांचे लेख दिल्लीला छापून यायचे. स्टाफरूममध्ये मात्र थट्टा. "काय कादरी, आज कुठलं युद्ध थांबवलं?"

"दोन थांबवली. तिसरं घरी चालू हाय, तिथं आपलं काई चालत न्हाई."

वर्गात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. "समोरच्याला काय पायजे ते कुणीबी सांगतंय. तो कशाला भितो ते हुडका. लढाई तिथंच टळते."

मी त्यांच्यापुढे बसलो तो भूकंपानंतर. किल्लारीकडचं आमचं गाव गेलं होतं, आईवडील गेले होते, आणि बी.ए.चे टक्के प्रवेशाच्या अटीत बसत नव्हते. सरांनी मला हाताला धरून प्राचार्यांपुढं उभं केलं. "याचे टक्के जमिनीनं गिळले, साहेब. डोकं शाबूत हाय. घ्या." मला घेतलं. पुढं त्याच विभागात तासिकेवर शिकवायलाही त्यांनीच लावलं.

मग डॉक्टर-इंजिनिअर घडवणाऱ्या लातूरच्या क्लासेसचा जमाना आला. हुशार पोरं तिकडं जाऊ लागली, आमच्याकडं येणारी कमी झाली. तरी सर मुलाखत घेतच आणि जमलं नाही त्याला परत पाठवत. अशा एका मुलाच्या वडिलांनी तक्रार केली : कादरी पोरांना पाकिस्तानची वकिली करायला लावतात.

नव्या प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मला म्हणाले, "तुम्ही यांचे विद्यार्थी. तुम्हालाही हेच विचारलं होतं का? कशासाठी विचारतात?"

सर निवांत बसले होते. आपला माणूस बोलणार होता ना.

मी म्हणालो, "माझ्या लक्षात नाही, साहेब."

कादरी सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग प्राचार्यांना म्हणाले, "जाऊ द्या साहेब. बच्चा हाय."

मुलाखत बंद झाली. प्रवेश नुसत्या टक्क्यांवर होऊ लागले. सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि त्यांच्या जागेवर मी लागलो. एकाच गावात राहून मी त्यांच्या घरी कधी गेलो नाही. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा यायचा. तो धुऊन मी शिपायाच्या हाती परत पाठवायचो.

गेलो ते सर वारल्यावर, थेट मातीला. परतताना त्यांची मुलगी शबाना दारात भेटली. म्हणाली, "अब्बांचा तुमच्यावर राग नव्हता, सर. म्हणायचे, आईबाप गेलेले, नोकरी कच्ची. पुन्हा उघड्यावर पडायला भ्यालं लेकरू."

मी मान हलवली आणि चप्पल घातली.

त्या दिवशी मी भ्यालो नव्हतो. मला त्यांची जागा पाहिजे होती.