खळीवरचा चुना

समजा, तुमच्या हातात चुन्याचा कुंचला आहे, समोरच्या भिंतीवर एका परक्या माणसाची कविता आहे आणि तुम्हाला वाचता येत नाही. मागे गावचा मुखिया उभा आहे, म्हणतोय, पुसा. काय कराल?

तान बाईंवर ही वेळ आली. नवरा गेल्यापासून नदीच्या उतारावरची खाणावळ त्या एकट्याच चालवत. पोटात दारू गेली की भिंतीवर कविता लिहायची, ही येणाऱ्याजाणाऱ्या अधिकाऱ्यांची रीतच होती. भिंत भरली की वर्षाअखेरीस बाई चुना मारत. त्याचं कुणालाच काही वाटत नसे.

फेई चिंगशू मात्र प्यायला नव्हता. दरबाराने त्याला दक्षिणेला हाकललं होतं, वाटेत बायको वारली होती आणि पुरामुळे तो इथे अडकला होता. त्याने तिच्यासाठी भिंतीवर उजवीकडून डावीकडे उभ्या ओळी लिहिल्या, शेवटच्या ओळीपाशी थांबला, बाईंशी दोन शब्द बोलला आणि ती ओळ पुरी केली. पाणी उतरल्यावर तो गेला, आणि पुढे दक्षिणेतच मेला.

मग हुकूम आला. त्याचं अक्षर जिथे सापडेल तिथे घरमालकाला बेड्या.

"काकू, दरवर्षी पुसताच की," मुखिया ग्वो म्हणाला. "यंदाच एवढी माया का?"

बाईंनी आधी भिंतीला भाताची खळ लावली. खळीवरचा चुना भिंतीला धरत नाही, पुढे पोपडा होऊन निघतो, हे त्यांना माहीत होतं. ग्वोला ते ठाऊक नव्हतं. भिंतीला पेज पाजताय, आजारी आहे की काय, असं विचारून तो हसला. बाई म्हणाल्या, चुना छान बसतो. त्यानंतर वर्षाअखेरीला सगळ्या भिंतींना हात लागे, त्या तुकड्याला नाही.

बरीच वर्षं गेली. नवा राजा आला, फेईवरचा ठपका पुसला गेला आणि त्याची मुलगी, शुआंग, बापाच्या कविता गोळा करत खाणावळीत येऊन पोचली. घरातले कागद भीतीपोटी घरच्यांनी स्वतःच जाळले होते. आईवरची कविता कुणाजवळच नव्हती.

बाईंनी सुरीच्या टोकाने पोपडे सोडवले. उजवीकडून एकेक ओळ उघडी पडत गेली. शुआंग हलक्या आवाजात वाचत होती आणि कागदावर उतरवून घेत होती. पण शेवटची ओळ खिडकीकडची, ओलीतली. तिथे खळीला कसर लागली होती आणि किड्यांनी खळीबरोबर शाईही खाल्ली होती. नुसती माती उरली होती.

"आजी, खळ नसती तर मला काहीच मिळालं नसतं," शुआंग म्हणाली.

बाईंचं समाधान झालं नाही. कसरीला जेवण त्यांनीच वाढलं होतं. शेवटच्या ओळीआधी तो थांबून आपल्याशी बोलला होता, हे बाईंनी सांगितलं. शुआंगने विचारलं, त्या वेळी बाबा काय बोलले? ते बाईंना लख्ख आठवत होतं. त्या मासे साफ करत होत्या. त्याने विचारलं होतं, पाणी उतरल्यावर काठावर आधी काय उगवतं? मान वर न करता बाई म्हणाल्या होत्या, "चाकवत. पेरायलाही लागत नाही."

शुआंगने ते ऐकून घेतलं, कागदावर एका ओळीची जागा कोरी सोडली आणि ती होडीत बसली.

अजूनही कुणी शिकलेला माणूस जेवायला बसला की तान बाई त्याला त्या भिंतीपाशी नेतात आणि विचारतात: बायकोच्या कवितेत, त्या शेवटच्या ओळीत, त्याने माझा चाकवत घेतला असेल का हो?