घमेल्यातलं हिरवं पाणी

जामनगरच्या या गॅरेजात एखादी जुनी छोटी गाडी गरम होते म्हणून आली, की शेठ मलाच हाक मारतात. पाणी कुठून जातंय ते मला लवकर सापडतं, असं त्यांचं म्हणणं. खरंही असेल. पण गाडीखाली भांडं सरकवायची वेळ आली की मी आधी चारी बाजूंना बघून घेतो. कुत्रं आहे का, गाय आहे का, कुणाचं कोकरू सुटलंय का. इथले मिस्त्री हसतात. हसू देत. का बघतो ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

नांदूरघाटला आमच्या गावच्या दूध संस्थेत मी ड्रायव्हर होतो. ड्रायव्हर म्हणजे सगळंच. गाडी चालवायची, पुसायची, बिघडली तर दुरुस्त करायची. सहावी अर्धी टाकून मी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलो, तो पुढची चौदा वर्षं कोयताच हातात होता. इंजिनाचं जे काही शिकलो ते उसाच्या ट्रकवाल्यांजवळ बसून शिकलो. संस्थेचे सचिव, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, त्यांनी एकदा मला रस्त्यात बंद पडलेला टेम्पो चालू करताना बघितलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावून चावी हातात दिली. म्हणाले, "पोरीला शाळेत घाल आन् हितंच ऱ्हा. पुन्ना फडावर जाऊ नको." एवढं एक वाक्य. माझी मुलगी त्या वर्षी दुसरीत होती. माझ्या घरात सहावीच्या पुढं जाणारं ते पहिलंच माणूस असणार होतं. तात्यांचे उपकार मी अजून मोजत नाही, मोजता येत नाहीत.

गाडी जुनी होती, पांढरी, छोटी, दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी. दुधाचे नमुने केजला न्यायचे, जनावरांच्या डॉक्टरांना चारा छावणीत पोचवायचं, चेअरमनना बीडला न्यायचं. उन्हाळ्यात दूध निम्म्यावर आलं. विहिरी तळाला गेल्या. टँकर दिवसाआड. आणि नेमकी तेव्हाच गाडी तापायला लागली.

पहिल्यांदा मांजरसुंब्याच्या घाटात चेअरमन मागं बसलेले असताना काटा लाल रेघेवर गेला. थांबलो, बॉनेट उघडलं, वाफ. चेअरमन उन्हात उभे. "आरं, ही गाडी हाय का चहाची किटली?" असं म्हणाले ते हसत, पण येत्या सोमवारी संचालकांच्या बैठकीत गाडी भंगारात घालून भाड्याची जीप लावायचा विषय निघणार, हे तात्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं. गाडी गेली की माझं काम गेलं. ऊसतोडीच्या जोड्या ठरवणारा मुकादम यंदा लवकरच गावात फिरू लागला होता. माझ्या दारात दोनदा येऊन गेला होता. मी घरी नसताना बायकोला म्हणाला, "जोडी चांगली हाय तुमची. पोरगी बी येईल की संगं."

मला त्या आठवड्यात जेवण गेलं नाही.

रोज सकाळी रेडिएटरचं झाकण उघडायचो तर दोन लोटे पाणी कमी. होस पाइप दाबून बघितले, कोरडे. क्लिपा आवळल्या. पंखा फिरत होता. पाणी जातंय तर कुठं जातंय? मग मी रात्री गाडीखाली घमेलं ठेवायला सुरुवात केली. एक तर गळती कळेल, आणि दुसरं म्हणजे जे पडेल ते सकाळी परत रेडिएटरात ओतता येईल. त्या दिवसांत हातपाय धुतलेलं पाणीही आम्ही टोपात धरत होतो, मग गाडीचं कसं मातीत जाऊ देणार?

सकाळी आठला जाऊन बघावं तर घमेलं कोरडं. पाण्याचा टिपूस नाही. आणि रेडिएटर दोन लोटे कमी. सलग चार दिवस.

केजच्या मिस्त्रीकडं गेलो. तो माझ्याच वयाचा, तोंडात कायम तंबाखू. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "भाईर पडत न्हाई म्हंजी आत पितंय बे. हेड गास्केट गेलं. इंजिन खोलावं लागंल."

"पण ऑइल तर स्वच्छ हाय. दुधाळ झालं न्हाई. पांढरा धूर न्हाई. रेडिएटरात बुडबुडे न्हाईत."

"मग घमेल्यात का पडना? मला इचारायला आलतास का मला शिकवायला?"

सहावी अर्धी सोडलेल्या माणसाला कुणी जोरात बोललं की तो गप्प बसतो. एवढं मात्र खरं, की त्याच दिवशी माझ्या डोळ्यांसमोर उत्तर होतं. पाण्याच्या पंपाखाली इंजिनाच्या अंगावर एक पांढरी रेघ उमटली होती, वाळलेल्या क्षाराची. मी ती बोटानं खरवडून पुसली आणि सोडून दिली. आमच्याकडं बोअरच्या पाण्यानं सगळंच पांढरं पडतं. घागरी, नळ, मोटारी, अंघोळीचा दगड. पांढरी रेघ बघून मला गळती आठवली नाही, घर आठवलं.

इंजिन खोलायचं म्हटल्यावर तात्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "असं सांगितलं तर सोमवारी कुणी ऐकून बी घेणार न्हाई." मग म्हणाले, "एक बघू. पाण्याच्या जागी खरं कूलंट टाक. हिरवं असतं. कुठंबी पडलं तर डाग दिसंल." त्यांनी मला पाठवून केजवरून डबा आणवला. डबा देताना त्या मिस्त्रीनं एक सांगितलं होतं, कुत्र्यामांजराला तोंड लावू देऊ नको. मी मान हलवली होती.

शनिवारी संध्याकाळी हिरवं कूलंट भरलं, बीडच्या रस्त्याला एक फेरी मारून इंजिन तापवलं, संस्थेच्या आवारात लिंबाखाली गाडी लावली आणि खाली घमेलं सरकवलं. रोजच्यासारखंच. हातानं आपोआप ठेवलं.

रविवारी मला पहाटेच जाग आली. उजाडायच्या आतच निघालो. आवाराच्या फाटकातून आत गेलो तर गाडीजवळ मावशी. ही मावशी म्हणजे संस्थेच्या मागं राहणारी धनगराची म्हातारी, एकटी, तीन शेळ्यांवर जगणारी. तिच्या हातात माझं घमेलं होतं. तिची गाभण शेळी त्यात तोंड घालून पीत होती. बाकीच्या दोघी ढुशा देत वाट बघत होत्या.

घमेल्यात पाणी होतं!

आता लिहायला लाज वाटते, पण मला पहिल्यांदा आनंद झाला. पाणी बाहेर पडत होतं. गास्केट गेलं नव्हतं. चार दिवस घमेलं कोरडं होतं ते गाडीमुळं नाही, मावशीमुळं. माझी पोरगी वाचली, असंच काहीतरी मनात आलं. आणि मग हिरवा रंग दिसला.

मी धावत जाऊन घमेल्याला लाथ मारली.

"मुडद्या!" मावशी ओरडली. "पाणी सांडलंस? दुष्काळात पाणी लाथाडतूस? रोज मातीत चाललेलं मुक्या जीवाला पाजलं तर तुझ्या बापाचं काय गेलं?"

"मावशे, ते पाणी न्हाई. गाडीचं औषध हाय."

"औषध हाय तर बरंच की! तिला अंगात ताकद न्हाई."

तिला वाटलं, मी गाडीसाठी जीव टाकतोय. मी सांगायला तोंड उघडलं होतं. विष, हा एकच शब्द बोलायचा होता. पण मग गावभर झालं असतं, संस्थेच्या ड्रायव्हरनं विषाचं भांडं उघड्यावर ठेवलं, आणि बैठक उद्यावर होती. मी म्हणालो, "पुन्ना हात लावू नगा," आणि घमेलं उचललं. थोडंच प्यायली असेल, असं मनाला सांगितलं. पिऊन पिऊन किती पिणार?

मग गाडीखाली आडवा झालो. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की तिथून पाणी ठिबकतं. चालत्या गाडीत थेंब तापल्या इंजिनावर पडून वाळून जातात, म्हणून दिवसा काही दिसत नाही. गाडी निवत गेली की ठिबकायला लागतं. त्या भोकातून हिरवा ओघळ आला होता, नेमका मी पुसलेल्या पांढऱ्या रेघेवर.

दुपारपर्यंत नवा पंप बसवला. सोमवारी सकाळी चेअरमनना घाट चढवून आणलं. काटा मधोमध, हलला नाही. चेअरमन म्हणाले, "आज किटली थंड हाय." बैठकीत तात्यांनी विषय काढला आणि मिटवला. गाडी राहिली.

शेळी रविवारी दुपारपासून झोकांड्या खात होती. गावातली माणसं हसली, म्हणाली मावशीच्या शेळीनं घेतलीय. सोमवारी रात्री ती बसली, आणि उठलीच नाही. मंगळवारी मीच डॉक्टरांना छावणीतून घेऊन आलो, त्याच गाडीतून. उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, काहीतरी विषारी खाल्लंय, दुष्काळात जनावर काय वाट्टेल ते खातं. मावशी छावणीतल्या चाऱ्याला शिव्या देत बसली. मी दारात उभा होतो. बोललो नाही.

त्यानंतर जवळजवळ रोज मी तिच्या दारात कॅनभर पाणी टाकत आलो. ती कॅन घ्यायची आणि वर सुनवायची, "लाथ मारलेली फेडतूस का?" गावात माझं नाव ‘पाणी लाथाडणारा’ असंच तिनं करून ठेवलं. मला ते बरं वाटायचं. त्या नावाखाली दुसरं झाकलेलं होतं.

काही वर्षांनी संस्थाच बंद पडली. तात्यांच्या ओळखीनं मला इथं गुजरातला काम मिळालं. मुलगी तेव्हा दहावीला बसायची होती, ती आणि तिची आई गावातच राहणार होत्या. निघायच्या आदल्या दिवशी मी मावशीकडं गेलो. ती शेळीच्या अंगावरच्या गोचिडी काढत बसली होती. उभ्यानंच सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत.

"तवाच कावून न्हाई बोललास?"

"नोकरी गेली असती, मावशे. पोरीला घेऊन ऊस तोडायला जावं लागलं असतं."

तिनं एक गोचीड दगडावर चिरडली. मग म्हणाली, "म्हंजी लाथ त्या विखापायी मारलीस. बाकीच्या दोघी त्या लाथंनं वाचल्या."

"तिसरी मेली, मावशे."

"ते मला नगं सांगू." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "पोरगी शिकती न्हवं?"

"शिकती."

"मग जा."

मी फाटकापर्यंत आलो तेव्हा तिनं मागून हाक मारली. मला वाटलं, आता शिव्या देणार. देऊ दे, असं वाटलं.

"ते हिरवं पाणी," ती म्हणाली, "गोड असतं का रं?"

"गोड असतं म्हणतात."

"तरीच. आमचं बोअरचं खारट पाणी ती कधी गपगुमान प्यायली न्हाई. त्या दिशी तोंड काढना."

आणि ती पुन्हा गोचिडी काढायला लागली.

इथं एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून परवाच ऐकलं, की जनावर कूलंट प्यालं तर लगेच दारू पाजतात, डॉक्टर येईपर्यंत ती विष अडवून धरते. खरं-खोटं मला ठाऊक नाही. पण त्या उन्हाळ्यात नांदूरघाटला पाणी नव्हतं, दारू होती. रविवारी सकाळी मी एक शब्द बोललो असतो तर पाच मिनिटांत मिळाली असती. मुलगी आता नर्सिंगला आहे. परवा फोनवर तिला हे विचारणार होतो, खरं असतं का म्हणून. विचारलं नाही. ती जेवलास का म्हणाली, मी जेवलो म्हणालो.